मालकाच्या जागी कोणाचं नाव

वकीलबाई : थांबा, दोघी एकदम नका बोलू. हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम तुम्हाला मिळतंय, पण नोंदणी असल्याशिवाय ते देणार नाहीत. इथवर कळलं. आता मला एवढंच सांगा, लाँड्री कुणाची?

धाकटी : आमची.

थोरली : आमच्या ह्यांनी सुरू केली होती. ते गेल्यापासून मी चालवते.

धाकटी : आपण चालवतो, वहिनी.

थोरली : तेच ते. ही माझी धाकटी जाऊ. इस्त्रीचं सगळं हिच्याकडे असतं.

धाकटी : इस्त्रीचं, धुण्याचं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचं. वाफेचा पाइप फुटला तेव्हा भाजून घ्यायचंही माझ्याकडेच होतं.

वकीलबाई : बरं. तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. पहिला, एकटीची मालकी. नफा तिचा, आणि धंदा बुडाला तर राहतं घरही तिचंच जायचं. दुसरा, भागीदारी. दोघी मालक, पण एकीनं सही केली की दुसरीही बांधली गेली. तिसरा, कंपनी. कायद्याच्या लेखी कंपनी म्हणजे एक वेगळं माणूसच. ती बुडाली तर सहसा तुमच्या घराला हात लागत नाही. पण कागदपत्रं वर्षभर संपत नाहीत, आणि माझी फीसुद्धा.

धाकटी : भागीदारी करा. निम्मं निम्मं.

थोरली : एकटीची. माझ्या नावानं.

वकीलबाई : तुम्ही घरून काही ठरवून नाही का आलात?

धाकटी : मला वाटलं ठरलंय. बसमध्ये मी निम्म्याचं काढलं, तर ह्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत, म्हणजे हो, असं मी धरलं.

थोरली : बसमध्ये चार लोकांत काय बोलायचं? हिला पगार लावू, वकीलबाई. चांगला पगार. नेमणुकीचं रीतसर पत्र देऊ.

धाकटी : नोकरीचं.

थोरली : शब्दात काय आहे? आज जे हातात पडतंय त्यापेक्षा जास्तच पडेल.

वकीलबाई : कारण विचारलं तर चालेल? मला कागद करायचा आहे, म्हणून.

थोरली : हिचा नवरा. माझे धाकटे दीर. आमचे हे शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होते. आम्ही दोघी आळीपाळीनं उशाशी बसायचो. लाँड्री भाऊजींच्या भरवशावर. आमचा मोठा रोलर होता, चादरी वाळून, इस्त्री होऊन बाहेर पडायच्या त्यातून. भाऊजींनी तो टेम्पोत घातला आणि विकून टाकला. मी जाऊन बघते तर फरशीत नुसती बोल्टची भोकं. आणि हे रोज विचारायचे, रोलर नीट चालतोय ना गं? मी म्हणायचे, चालतोय. जाईपर्यंत तेच सांगितलं त्यांना.

धाकटी : दुसरा रोलर येईपर्यंत त्या सगळ्या चादरी हातानं कुणी केल्या, तेही सांगा.

थोरली : तूच केल्यास. मी कुठे नाही म्हणतेय?

वकीलबाई : हे बघा, याला वाट आहे. भागीदारीच्या करारात आपण लिहू, घरच्या दुसऱ्या कुणाचाही धंद्याशी संबंध नाही. भागीदार वारली तर वारसाला तिच्या वाट्याचे पैसे मिळतील, तिची जागा मिळणार नाही. दोघींच्या सह्या असल्याशिवाय यंत्र विकता येणार नाही.

थोरली : ते झालं मेल्यावरचं आणि यंत्राचं. रोज जेवताना भाऊजी हिला म्हणाले, इथे सही कर, तर? तुमचं कलम ताटाशेजारी येऊन बसणार आहे?

वकीलबाई : नाही. तेवढं कायद्याला जमत नाही. माफ करा, हा फोन घ्यावा लागेल. तुम्ही बोला तोवर.

(वकीलबाई फोन घेऊन बाहेर जातात.)

थोरली : तोंड पाडून बसू नकोस. तुझ्याच भल्याचं बघतेय मी. तुझ्या नावावर काही असलं की ते ओरबाडतील. नसलं तर काय नेतील?

धाकटी : नसण्याची मला सवय आहे, त्याचं काही नाही. पण वहिनी, रोलरच्या प्रकारानंतर हे पुन्हा लाँड्रीची पायरी का चढले नाहीत, असं कधी आलं तुमच्या मनात?

थोरली : लाज वाटली असेल.

धाकटी : ह्यांना? तुम्ही अजून ओळखलं नाही तुमच्या दिराला. हातात पैसे संपले की विचारतात, लाँड्रीत तुझा वाटा किती? निम्मा असेल तर उद्यापासून गल्ल्यावर मी बसतो. आणि मी म्हणते, कसला वाटा? मी वहिनींकडे कामाला आहे. त्यांनी उद्या काढलं तर घरी बसेन. पाहुण्यांसमोर म्हटलंय. माझ्या आईसमोर म्हटलंय. आई रडली. म्हणाली, मोठी जाऊ तुला मोलकरणीसारखं राबवते. मी रडू दिलं तिला. खरं सांगितलं असतं तर ते ह्यांच्या कानावर गेलं असतं.

थोरली : हे मला कधी बोलली नाहीस.

धाकटी : काय बोलायचं? खोटंच होतं ते. आणि खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, या समजुतीवर तर मी बोलत होते.

थोरली : मला खरंच कल्पना नव्हती गं.

धाकटी : विचारलंत कुठे? नवरा म्हणाला की ही सही करणार, हे तुमचं तुम्हीच ठरवलंत. मला घरी विचारलं नाहीत, इथे परक्या बाईसमोर सांगितलंत.

थोरली : बरं, चुकलं. त्या आल्या की सांगते, भागीदारी करा. निम्मं निम्मं.

धाकटी : नको.

थोरली : आता का अडून बसतेस?

धाकटी : अडून नाही. भागीदार झाले की माझी सही चालणार. मी साबणाच्या बिलावर सही केली तरी तुम्ही ते दिव्याखाली धरून बघाल. बोलणार काही नाही, नुसतं बघाल. ते मला सोसायचं नाही.

वकीलबाई : (परत येत) झालं का तुमचं?

धाकटी : झालं. मालकी एकटीची. वहिनींच्या नावानं.

वकीलबाई : मघाशी तर तुम्हीच निम्मं म्हणत होतात.

धाकटी : तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. एक सांगा, धंदा बुडाला, कुणी कोर्टात खेचलं, तर मला काही लागत नाही ना?

वकीलबाई : नोकरीत असाल तर तुम्ही बाजूला. सगळं मालकावर.

धाकटी : मग तसंच लिहा.

थोरली : अगं, असं काय तोडून बोलतेस?

वकीलबाई : नेमणुकीच्या पत्रात कामाच्या वेळा लागतील.

धाकटी : सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मधे जेवायची सुट्टी. आठवड्याला एक रजा.

थोरली : आणि हॉस्पिटलची गाडी पहाटे येणार, तिचं काय?

धाकटी : ते मालकानं बघायचं असतं. असंच असतं ना, वकीलबाई?

वकीलबाई : कागदावर तरी असंच असतं.

थोरली : ती ओली गाठोडी मी एकटी उचलू? या वयात?

धाकटी : माणूस ठेवा.

वकीलबाई : हं. पत्रावर तारीख कुठली घालू?

धाकटी : उद्याची घाला.

वकीलबाई : ठीक. दोन्ही कागद संध्याकाळपर्यंत करून ठेवते. या आता तुम्ही.

थोरली : चल. दुपारचे पडदे तसेच भिजत पडलेत. बस मिळाली तर निदान ते तरी आटपतील दोघींत.

धाकटी : तुम्ही व्हा पुढे. माझी नेमणूक उद्यापासून आहे.