साहेब, पण आमच्या खिडकीखाली नको

मुरगळलेलं मनगट दाखवायला आलेली शिंपीणबाई हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी पायाला प्लास्टर घातलेली एक बाई आणि तिचा नवरा येऊन टेकले. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही मिटता येत नव्हते.

“फार दुखतंय का गं?”

“छे हो, मजेत आहे. चौकात स्कूटरनं उडवलं म्हणून दुखतं थोडंच!”

“घरांच्या वस्तीत एवढ्या जोरात गाडी हाकतात? अक्कल नको?”

“अक्कल यावी म्हणून तिथं गतिरोधक होता. तो काढायला कुणी लावला?”

“अगं, रात्रभर गाड्या आदळायच्या त्यावर. झोपेचं पार खोबरं व्हायचं.”

“आता झोपा शांत. मी कण्हले तर कानावर उशी घ्या.”

“मी एकट्यानं थोडाच काढला? सगळ्यांच्या सह्या होत्या.”

“आणि सह्या मागत दारोदार कोण फिरलं? मी कणीक मळत होते, तर माझाही अंगठा उठवलात!”

“बरं बाई, चुकलं. आत्ताच्या आत्ता नगरपालिकेत फोन लावतो.”

शिंपीणबाईला जरा बरं वाटलं.

“हॅलो, साहेब? आमच्या चौकात गतिरोधक पाहिजेच. बायकोचा पाय मोडलाय, आणखी कशाची वाट बघताय? हो, पट्टेही मारा. नाही नाही, जुन्या जागी नको, आमच्या खिडकीखाली अजिबात नको! पुढे मास्तरांच्या दारात टाका. त्यांना तसंही कमी ऐकू येतं.”

तेवढ्यात आतून प्लास्टरवाल्या बाईंच्या नावाचा पुकारा झाला. नवरा फोन कानाला लावून बाहेर निघून गेला होता.

“ताई, तुमचा धड हात जरा द्याल का? आमच्या ह्यांची समाजसेवा चाललीय.”