‘जो कोणी’चा खटला

…आणि गुन्हा काय म्हणाल, तर देवाला सांगितलं! चोरी नाही, मारामारी नाही, कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही… देवाला सांगितलं! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं लालबागेत कोकम-कुळीथ-मसाला विकतोय, माझ्या तिखटात कुणाला कधी विटेचा कण सापडला नाही, आणि आज माझ्या नावापुढे काय लागलंय? आरोपी नंबर एक! नंबर दोन कुणी नाहीच, तरी मी नंबर एक! का? मी आपलं विचारतो. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे विचारल्याशिवाय मला काही कळत नाही. पुडी बांधायचा रद्दीचा कागदसुद्धा आधी वाचतो, मग बांधतो. गिऱ्हाईक बोंबलतं, "ओ गुणाजीशेठ, जिरं द्या, पेपर नंतर वाचा!" अर्धा कायदा मी तसाच शिकलोय. अर्धाच… उरलेला अर्धा गिऱ्हाईक घेऊन जातं.

तर झालं काय, मसाल्याच्या मिरच्या मी चाळीच्या गच्चीवर वाळत घालतो, एप्रिल-मे, वर्षानुवर्षं. आणि आमच्याच मजल्यावरचा जगदीश, गोट्या खेळायच्या वयापासूनचा दोस्त, रिटायर झाल्यापासून काय करतो? कबुतरांना दाणे घालतो. कुठे? गच्चीवर! आता कबुतर दाणे खाऊन कुठे जाणार? तिथेच बसणार. आणि बसून काय करणार? …बरोबर! माझ्या मिरच्यांवर! हात जोडून सांगितलं, तर म्हणतो, "मुका जीव आहे रे, गुणाजी." मुका? अहो, पहाटेपासून घुटर्घूं घुटर्घूं… ह्याला मुका म्हणतात?

मग आली चाळीची पूजा. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, आजोबांपासून. गाऱ्हाणं म्हणजे एकाने खड्या आवाजात देवाकडे मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी ओळीओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी सगळ्यांसाठी मागितलं हो! पोरांना नोकऱ्या, पोरींना स्थळं, नळाला पाणी… आणि शेवटी आली ती ओळ. "बा देवा म्हाराजा, जो कोणी गच्चीर कबुतरांका दाणे घालता, त्याचो हात वाकडो कर रे म्हाराजा!" नाव घेतलं का मी? नाही! जो कोणी! आणि चाळ काय म्हणाली? "व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या दिवशी जगदीश न्हाणीत घसरला. उजवा हात. मनगट. कोपरापर्यंत प्लास्टर!

मी आपलं विचारतो, देवाकडे मागितलेलं इतक्या लवकर कुणाला मिळालंय का हो कधी? त्याच देवाकडे बारा वर्षं आम्ही चाळीचा पुनर्विकास मागतोय!

जगदीश प्लास्टर घेऊन पोलीस चौकीत. त्यांनी लिहून घेतलं आणि सांगितलं, कोर्टात जा. हा गेला! आणि एके दिवशी माझ्या दुकानात, कुळथाच्या पोत्यावर, समन्स. धमकी दिल्याचा आरोप! आता मला सांगा, धमकी ती कुणाला? सांगितलं देवाला, ऐकलं चाळीने, घसरला साबणावरून… आणि आरोपी मी!

हसण्यावारी नेलं असतं, पण आमची लेक नम्रता मस्कतला. पहिलंच बाळंतपण, दिवाळीच्या तोंडावर. आणि माझ्या पासपोर्टाची मुदत संपलेली. फॉर्म भरायला बसलो तर त्यात प्रश्न… तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे का? आहे म्हटलं तर कोर्टाची परवानगी आणा, नाही म्हटलं तर तो आणखी एक गुन्हा. रमाबाई, म्हणजे आमची मंडळी, एवढंच बोलली, "मी एकटी जातंय मस्कताक. तुमी ऱ्हवा हयसर, देवाक सांगत!"

मग वकील शोधला. नायगावच्या बीडीडी चाळीतली मेघना. वय माझ्या मुलीएवढं, टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आणि फायलींचा डोंगर. मला म्हणाली, "काका, मी देव मानत नाही. हे आधीच सांगते." म्हटलं, बाई, उत्तम! तो साक्षीला यायचा नाहीच. तर हसली नाही. म्हणाली, "गाऱ्हाणं शब्दाला शब्द सांगा. ‘जगदीश’ म्हणालात की ‘जो कोणी’?"

"जो कोणी."

"नक्की?"

"बाई, आजोबांपासून जो कोणीच आहे!"

तेव्हा पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. "मग काका, तुम्ही धमकी दिली नाहीत. तुम्ही अर्ज केलात. अर्जदार तुम्ही, अर्ज देवाकडे, आणि समोरच्याचं नाव कोरं. मंजूर करायचा की नाही, हा देवाच्या अधिकारातला प्रश्न."

अहो, काय विद्या आहे ही! चाळीस वर्षं मी गाऱ्हाणी घालतोय, मला कधी कळलं नव्हतं की मी अर्ज करतोय! मी विचारत सुटलो. अर्जावर स्टॅम्प लागतो का? देवाने चुकीच्या माणसावर मंजूर केला तर अपील कुठे? ती म्हणाली, "काका, कोर्टात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. गुन्हा कबूल आहे का विचारलं की ‘नाही, साहेब’ म्हणायचं आणि गप्प."

तारखेला भोईवाड्याच्या कोर्टात बाकावर बसलोय, शेजारी एक पाकीटमार. त्याने चौकशी केली, "काय केलंस, शेठ?" म्हटलं, एकाचा हात वाकडा करायला सांगितलं. "कुणाला सांगितलंस?" देवाला. तो विचारात पडला. मग हळूच म्हणतो, "मग तो किधर आहे? फरार?"

इतक्यात पुकारा झाला. मागे बघतो तर अख्खी चाळ मला धीर द्यायला आलेली! दुसऱ्या बाजूला एकटा जगदीश, गळ्यात झोळी, झोळीत हात. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, "गुन्हा कबूल आहे?"

"नाही, साहेब!" इथे मी गप्प बसलो असतो तर…! पण साहेबांनी कागद चाळला आणि कुतूहलाने म्हणाले, "हे गाऱ्हाणं म्हणजे नक्की काय म्हणालात तुम्ही?" आता मला कुणी मनापासून काही विचारलं की राहवत नाही हो! बाईंनी डोळे वटारले, पण तोंड उघडलं होतं. आणि गाऱ्हाणं सुराशिवाय येत नाही मला. हात जोडले गेले, आवाज चढला… "जो कोणी गच्चीर कबुतरांका दाणे घालता, त्याचो हात वाकडो कर रे म्हाराजा!"

आणि मागून, तुम्हाला सांगतो, भिंती हादरल्या… "व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? जगदीशचा! प्लास्टरचा हात झोळीतून काढून, वर करून! साठ वर्षांची सवय, तो तरी काय करणार?

साहेबांनी चष्मा काढला. "फिर्यादीचीही संमती दिसतेय." बाई उठून म्हणाल्या, "मला आणखी काही सांगायचं नाही, साहेब."

बाहेर जिन्याजवळ जगदीशला गाठलं. म्हटलं, लेका, एवढं कशाला ताणलंस? तर म्हणतो, "हात जुळेल रे, गुणाजी. पण तू माझ्यावर देव घातलास… माझ्यावर?" इथे मात्र मला काही विचारायला सुचेना. एवढंच म्हटलं, "चुकलं रे." तो म्हणाला, "मग लिहून दे. यापुढे कुठलंही गाऱ्हाणं वकिलाला दाखवल्याशिवाय घालणार नाहीस." दिलं! त्याने तक्रार मागे घेतली, पासपोर्ट आला, मी मस्कतला वेळेत. दाणे आता तो खालच्या कट्ट्यावर घालतो. कबुतरं मात्र गच्चीवरच बसतात… त्यांच्याकडून कोण लिहून घेणार?

नात झाली. बाराव्या दिवशी नम्रता म्हणते, "बाबा, गाऱ्हाणं घाला ना!" हात जोडले, तोंड उघडलं… आणि आठवलं. लावला नायगावला फोन. "बाई, नातीला सुखी ठेव म्हटलं तर चालेल का?"

"नाव घ्यायचं नाही, काका. अर्जात समोरच्याचं नाव कोरं."

करणार काय? साता समुद्रापलीकडे, मांडीवर सख्खी नात, आणि मी म्हणतोय, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात जो कोणी बाळ असात, त्याका सुखी ठेव रे म्हाराजा…"

आणि फोनमधून वकीलबाई म्हणतायत, "हरकत नाही!"