बारा किलोची पेटी

चोरी झालेली नाही, हे मी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतो आहे, पण सुपरवायझरसाहेबांना ऐकायचंच नाही. त्यांचा माझ्यावर राग जुना आहे. मागे एकदा हातमोजे फाटले म्हणून मी नवे मागितले, तर म्हणाले जुनेच शिवून घे. मी म्हणालो, शिवणारी माझी ताई इथून दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे, गाडीभाडं तुम्ही देता का. सगळे हसले. तेव्हापासून माझ्या पेट्या ते दोनदा मोजतात. आजचं सगळं त्यातूनच निघालं आहे. ठाण्यातले जमादार म्हणाले, हे रामायण राहू दे, आधी रीतसर लिही. म्हणून रीतसर लिहितो.

नाव पहिल्या पानावर घेतलेलं आहे. सगळे काडी म्हणतात. वय तेवीस. शिक्षण सातवी, आठवीत दोन महिने. काम, कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या चढवणं-उतरवणं. दोन वर्षांत ही तिसरी नोकरी, एका जागी माझं मन लागत नाही, हेही विचारलं म्हणून लिहितो. राहणार पिठाच्या गिरणीच्या वरची खोली, आम्ही सहा जण. कायमचा पत्ता ताईचा लिहावा, मला दुसरा नाही. लिहिता येतं का विचारलं, येतं म्हणालो, तर जमादारांनी कागदच पुढे सरकवला, की तुझ्याच हातानं लिही, उद्या म्हणायला नको मी असं बोललोच नव्हतो. तर मी ठाण्यात बाकावर बसून, कुणाच्या धाकाशिवाय लिहून देतो की,

मला एक मोठी बहीण आहे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला ताईनंच वाढवलं. ती कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत तिची मशीन, मागे स्वयंपाक, झोपायची खोली वर, मधे चौदा पायऱ्या. अख्ख्या गल्लीच्या कंबरा तिच्या वहीत लिहिलेल्या आहेत. स्वतःच्या कंबरेला तिनं कधी टेप लावली नाही. तिचं वजन एकशे चार किलो. माझं एकावन्न. वजनं कशाला लिहितोस असं जमादारांनी विचारलं. प्रकरणच त्याचं आहे, म्हणून लिहितो.

चार महिन्यांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे सुजले. जिना चढताना ती फोन चालूच ठेवते, त्यामुळे मला इथून पायऱ्या मोजता येतात. आधी दहाव्या पायरीला दम लागायचा, आता पाचव्या. तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यांना आराम हवा तर निदान बारा किलो उतरवा, साखरही काठावर आली आहे. मग त्यांनी आठवड्यातून एकदा पोटाला टोचून घ्यायच्या इंजेक्शनबद्दल सांगितलं. भूक कमी होते, सुरुवातीला मळमळतं, मधेच सोडलं तर उतरलेलं वजन परत येऊ शकतं, असं सगळं सांगितलं. चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या घाई नाही, घरी विचार करा, मग या.

तेव्हापासून ती विचार करते आहे. कपडे बेतायच्या कागदावर तिनं एका बाजूला घ्यावं का आणि दुसऱ्या बाजूला नको का असं लिहून मशीनवर लावलं आहे. रोज फोनवर त्यातलं एक काढून माझ्याशी बोलते. सगळा जन्म सुया धरण्यात गेला पण स्वतःला टोचायची म्हटलं की हात गार पडतात, असं म्हणते. घाम न गाळता वजन उतरवलं तर ती लबाडी होईल का, असं विचारते. मी म्हणालो, चष्मा लावतेस ती पण लबाडीच का मग. दाजी म्हणतात चालायला जा, ते फुकट आहे. एकदा दाजी असंही म्हणाले की तू आहेस तशी बरी आहेस. त्यात माया किती आणि खर्चाची धास्ती किती, हे तिला दोन दिवस कळेना. एकदा मला म्हणाली, "भूकच लागली नाही रे, तर जेवायच्या वेळेला मी करू काय?"  मी फोन ठेवला.

ती जाड का झाली ते मला माहीत आहे. लहानपणी मला अन्न जायचं नाही. आणि ताटात काही उरलं तर वडील पाटावरून उठू द्यायचे नाहीत. ते हात धुवायला गेले की ताई माझं ताट ओढायची, चार घासांत मोकळं करायची आणि माझ्यापुढे सरकवायची. वडील यायचे, ताट बघायचे, म्हणायचे शाब्बास. असं आठ वर्षं, दोन्ही वेळा. डॉक्टरांचं कारण वेगळं असेल. माझा हिशेब हा आहे.

गेल्या सुट्टीत मी घरी गेलो होतो. ताई गिऱ्हाइकांसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि खुर्चीचा पाय वाकला. ती पडली नाही, भिंत धरली. मी म्हणालो, खुर्चीचा विमा काढून घ्या. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. ती पण हसली. त्यानंतर मी होतो तोवर ती खाटेच्या कडेवरच बसली. आता व्हिडिओ कॉलवर फक्त तोंड दाखवते.

महिन्यापूर्वी तिनं मला चिठ्ठीचा फोटो पाठवला, की तिकडं कुणी जाणतं असेल तर विचार. विचार, एवढंच म्हणाली होती. आण म्हणाली नव्हती. मला कळलं होतं. मी सोयीचं तेवढं समजलो. मोटारसायकलसाठी पैसे साठवत होतो, ते काढले आणि अकरा दिवसांपूर्वी इथल्या मेडिकलमधून त्या इंजेक्शनची दोन पेनं घेतली. एक पेन एका महिन्याचं. सुया वेगळ्या. दुकानदारानं चिठ्ठीचा फोटो पाहून ताईच्या नावानं बिल केलं, ते सोबत जोडलं आहे. बिल बुटात ठेवलं होतं म्हणून चुरगळलं आहे, खोटं नाही. तो थंड कसं ठेवायचं ते सांगायला लागला, तर मी म्हणालो थंडीचं मला शिकवू नका, माझी भाकरी त्यावरच आहे. तो आणखी काहीतरी म्हणत होता. मी तोवर पायरी उतरलो होतो.

सुट्टीला वीस दिवस होते. खोलीवरच्या फ्रीजचं दार नीट लागत नाही आणि त्यात ठेवलेलं दुसऱ्या दिवशी दिसत नाही. म्हणून मी ती कामावर नेली. आमच्याकडे तीन खोल्या आहेत. पहिलीत फळं आणि दूध, तिथं नुसता गारवा. तिसरीत उणे अठरा, तिथं मटार आणि मासे. मला वाटलं जेवढी थंडी जास्त तेवढं जपलं जाईल. मी दोन्ही पेनं आणि सुया धुतलेल्या पायमोज्यात गुंडाळून तिसऱ्या खोलीत, सात नंबरच्या रॅकवर, मटारच्या पेटीत ठेवली. मटारची पेटी बरोबर बारा किलोची असते. अशा पेट्या मी दिवसाला तीनशे उचलतो. ताईला एवढंच उतरवायचं होतं, एक पेटी. म्हणून त्याच पेटीत ठेवली. हे कारण कुणाला सांगायचं नव्हतं, पण जमादारांनी दोनदा विचारलं.

जागा व्हावी म्हणून त्यातली अर्धा किलोची एक पिशवी काढली आणि शेजारच्या पेटीत कोंबली. खाल्ली नाही, विकली नाही. आज गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुपरवायझरसाहेबांनी माझ्या पेट्या काट्यावर घातल्या. एक कमी भरली, शेजारची जास्त. कमीवाली उघडली तर पायमोजा निघाला आणि पायमोज्यातून सुया. खाण्याच्या मालात सुया म्हटल्यावर ते घाबरले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो, एवढं त्यांच्या बाजूनं लिहितो. त्यांना वाटलं मी नशेचं काहीतरी करतो. माझी तब्येत बघून तसं वाटू शकतं.

साडेबाराला मला ठाण्यात आणलं. पेनं टेबलावर ठेवली होती, त्यांच्यावरचा बर्फ सुटून रजिस्टरवर पाण्याची दोन गोल वर्तुळं पडली. बाई शिपायांनी खोक्यातला कागद उघडून वाचला. त्यात लिहिलं आहे की फ्रीजमध्ये ठेवावे, गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. मी म्हणालो परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी विचारलं, हळूहळू वितळवलं तर चालतं का, मटार चालतात. त्या म्हणाल्या, मटार चालतात रे बाबा. आणि कागद घडी करून खोक्यात ठेवला. मग त्यांनी मला पाणी दिलं.

सुपरवायझरसाहेब शेजारच्या बाकावर होते. त्यांच्या जाड जॅकेटची चेन पोटावर लागत नाही, म्हणून ते थंड खोलीत कायम खाकरत असतात.  ते मला हळूच म्हणाले, "खरंच उतरतं का रे त्यानं?" मी म्हणालो आधी डॉक्टरांना विचारा, आणि मिळालं तर तिसऱ्या खोलीत ठेवू नका. ते उठून जमादारांना म्हणाले की दोन्ही पेट्यांचं मिळून वजन बरोबर भरतं, मटार कमी नाहीत. हातमोज्यांबद्दल काही म्हणाले नाहीत.

दीड वाजता जमादारांनी खातरी करायला माझ्याच फोनवरून ताईला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मला बोलू नको म्हणून खूण केली. त्यांनी सांगितलं, पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमच्या भावाकडे वजनाच्या इंजेक्शनची दोन पेनं सापडली, ती तुम्ही मागवली होती का. मागे मशीन चालू होती. ती थांबली.

ताई म्हणाली, "हो साहेब. माझीच आहेत. मीच सांगितलं होतं आणायला."

जमादारांनी विचारलं, किती पेनं सांगितली होती. ती म्हणाली, जेवढी सापडली तेवढी. जमादार हसले. मग तिनं विचारलं, "त्यानं सकाळपासून काही खाल्लंय का? तो स्वतःहून मागायचा नाही. समोर ठेवावं लागतं." जमादारांनी बिस्किटं मागवली. फोन ठेवायच्या आधी मी मधेच ओरडून सांगितलं की ती खराब झाली ताई, माझ्या हातानं गोठली. ती म्हणाली, "गोठू देत. तू तर नाही ना गोठलास?" आणि मग म्हणाली की तिचं अजून ठरलेलं नाही, कागदावर दोन्ही बाजू सारख्याच भरल्यात, सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सुई कशी टोचतात ते आधी बघणार, मग ठरवणार, आणि तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

जमादार म्हणाले, चला, बहिणीनं मागवली होती एवढं लिही आणि सही कर, चहा पिऊन जा. तिथंच माझा हात थांबला आहे आणि तीन वाजत आले आहेत. कारण ताई फोनवर जे बोलली ते खरं नाही. तिनं मागवली नव्हती. तिला न विचारता मी घेतली, मी लपवली, मीच खराब केली. तिनं हो म्हटलं ते माझ्यासाठी, तिला ती सवय आहे. तिच्या नावावर काही लिहू नये. जे काय होईल, पगार कापला, काढून टाकलं, ते माझं. हे ताट माझं आहे, मी संपवतो. तेव्हा ताईचं फोनवरचं बोलणं खोडावं आणि माझं ठेवावं.

हे सगळं बाई शिपायांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं.  मी सांगितलं तसंच आहे, माझ्याच अक्षरात आहे, काही वाढवलं नाही. पेनं पुरावा म्हणून ठेवून घेतली, सुया वेगळ्या डब्यात टाकल्या. पायमोजा परत मिळाला.

सहीखाली एक ओळ जोडू द्यावी अशी विनंती केली, जमादार म्हणाले लिही. ताईचा पत्ता वर आहेच, या कागदाची नक्कल तिला जावी. ताई, इंजेक्शन घे नाहीतर नको घेऊ, ते तू आणि डॉक्टरीणबाई बघा. पैसे पाठवतोय ते त्यासाठी नाहीत. प्लास्टिकची खुर्ची भंगारात दे. सुताराकडून एक सागवानी खुर्ची करून घे, रुंद, हात नसलेली, तुझ्या मापानं, टेप तुझी तूच लाव, आणि मी येईन तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तीवर बस. मोटारसायकलच्या पैशांतले उरलेले उद्या सकाळी पाठवतो, चार हजार आठशे.