कालवडीची झूल

“पोरीचा पायगुण बघा की! आली न्हाई तवर कालवडीला उवा झाल्या,” असं सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, आणि मी दाराआड शेणाची पाटी घेऊन उभी. जणू रुखवतात मीच उवा मांडून आणल्या होत्या! लग्नाला तेव्हा महिना झाला होता.

आमच्या आण्याच्या पठारावर थंडी लई, म्हणून कालवडीच्या पाठीवर गोणपाटाची झूल असायची. सासरे झूल काढायचे, दवाखान्यातली पावडर तिच्या अंगाला चोळायचे आणि तीच झूल पुन्हा पांघरायचे. उवा झुलीत तशाच राहायच्या. माहेरी आम्ही झूल आधी उकळत्या पाण्यात घालायचो. पण माझा पायगुणच वाईट, मग बोलू कशाला?

कालवड खांबाला अंग घासून घासून रोडावली आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी उठलीच नाही.

“औशिद लागूच झालं न्हाई,” सासरे म्हणाले. सासूबाई तीच झूल झटकून गाईवर टाकायला निघाल्या. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं.

“आत्याबाई, ती आधी उकळा. उवा तिच्यात हायेत. मला पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं.”