टाकीच्या जागी

बसच्या रांगेत माझ्या पुढे चादरींचं गाठोडं घेतलेल्या एक लाँड्रीवाल्या बाई उभ्या होत्या. तेवढ्यात नगरपालिकेच्या नकाशा विभागात काम करणारे त्यांचे जावई धावत आले.

“आई, शाळेला जागा मिळाली!”

“अगं बाई! दोन वर्षं शोधत होतात. कुठे मिळाली?”

“तुम्ही चादरी वाळत घालता तिथेच. जागा नगरपालिकेचीच आहे.”

“माझ्या घरामागे? मग दोन वर्षं काय झोपा काढत होतात?”

“नकाशात तिथे पाण्याची टाकी आहे हो.”

“ती टाकी पाडली तेव्हा तुमची बायको रांगत होती, जावईबापू!”

“आम्ही जुन्या नकाशावरून नवा काढतो, त्यावरून आणखी नवा. टाकी आपली प्रत्येकात उभी.”

“आणि तुम्ही दर रविवारी जेवून तिथेच शतपावली घालता!”

“म्हणून तर काल चादरी उतरवताना एकदम लक्षात आलं, की आपण टाकीत उभे आहोत!”

“साहेब रागावले असतील.”

“आधी रागावले, मग पोट धरून हसले. आज सकाळी मोजणीसुद्धा झाली. बारा वर्ग बसतात, शिवाय मैदान.”

“म्हणजे आपल्या चिंगीला आता आजीच्या घरून शाळेत जायला दोन बस बदलायला नकोत?”

“मागच्या दारातून बाहेर पडली की शाळा. पण आई, तुमच्या चादरी?”

“त्यांचं मी बघते. दोऱ्या आजच सोडते. खांब तेवढा एक राहू द्या.”

“तो कशाला?”

“अहो, घंटा कुठे टांगणार?”