स्वयंभूचं कूळ

मंडळी, ऐका! मघाशी पूर्वरंगात आपण एवढंच विचारलं — हे सगळं आलं कुठून? आता उत्तररंगात त्याच्याही पुढचा प्रश्न. जो आला, तो कुठून आला हे कळलंच नाही, तर त्याला घरात घ्यायचं की दारात उभं करायचं?

हा प्रश्न माझा नाही. आज दुपारी ज्यांच्या घरी जेवलो, त्यांचा आहे. नाव नाही घेणार! पुरणपोळीवर तुपाची धार धरत ते म्हणाले, "बुवा, मुलाला एक स्थळ आलंय. मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे. पण अनाथाश्रमात वाढलेली. मूळ ना कूळ. काय करावं?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगतो." तोंडात पोळी होती हो! पण खरं सांगू? दुसरी पोळी काही घेतली नाही.

तर ऐका. आंबेदरा नावाचं गाव. गावात शंकराचं देऊळ. पिंडी कशी? — स्वयंभू! कोणी घडवली नाही, कोणी आणून बसवली नाही. जमिनीतून आपली आपण वर आलेली. आणि त्या देवळाचे मानकरी, त्र्यंबकशास्त्री. मोठा विद्वान माणूस! पण राग? नाकाच्या शेंड्यावर! आमटीत मीठ कमी पडलं तरी खडसावायला व्याकरणापासून सुरुवात करायचे.

त्याच गावात वामनभट. मुलांना वेदांची संथा देणारे, गरीब, शांत. प्लेगच्या साली सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहिलं होतं. साथ ओसरली, लोक परतले, आणि वामनभटांना एका रिकाम्या झोपडीत तीन वर्षांची पोर सापडली. एकटीच बसलेली. आई कोण, बाप कोण, सांगायला कोणी उरलं नव्हतं. वामनभटांनी तिला उचललं, घरी नेलं. बायकोनं न्हाऊ घातलं, जेवू घातलं, नाव ठेवलं अनसूया.

अनसूया सतरा वर्षांची झाली. त्या काळात सतरा म्हणजे घोडनवरी! पण करणार कोण? पाहायला यायचे, विचारायचे, उठून जायचे. आपल्याकडे म्हण आहे ना, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. ऋषीचं विचारायचं नाही! आणि पोरीचं? पोरीचं सात पिढ्या!

आणि झालं काय, शास्त्रीबुवांचा मुलगा श्रीधर वामनभटांकडे संथा घ्यायला जायचा. एक दिवस बापासमोर उभा राहिला. "बाबा, लग्न करीन तर अनसूयेशी." शास्त्रीबुवा कडाडले, "जिला सुरुवातच नाही, ती माझ्या देवघरात?" तसेच उठले, वामनभटांच्या दारात गेले. "भटजी! तुम्ही पोरांना शिकवता की जग अनादि आहे, त्याला सुरुवात नाही. म्हणूनच असली पोर घरात ठेवू शकता! चला, देवळात वाद करू. मी हरलो, तर पोरगी सून करून घेईन. तुम्ही हरलात, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि हरणाऱ्याच्या घरानं जिंकणाऱ्याला हार घालायचा!"

अहो, एका पोरीचा जन्म टांगणीला, आणि वाद कसला — जगाला आदिकारण होतं की नव्हतं!

सभामंडप भरला. पहिला दिवस. शास्त्रीबुवा म्हणाले, "मडकं आहे तर कुंभार आहे. कुंभार आहे तर त्याचा बाप आहे. असं मागं मागं जाता कुठंतरी थांबावंच लागेल. पहिलं कारण हवंच!"

वामनभट हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, दही कशानं लागतं? विरजणानं. विरजण म्हणजे काय? कालचं दही. ते कशानं लागलं? परवाच्या दह्यानं. मग पहिलं विरजण कुठलं?"

कुठलं हो? — शेजारणीचं! हसू नका, सभेतही एक म्हातारी हेच बोलली! पण वामनभटांचं म्हणणं खोल होतं. मागं जाल तितकं दहीच आहे. साखळी आहे, पण पहिली कडी नाही.

दुसरा दिवस. शास्त्रीबुवा म्हणाले, "पहिली कडी नाही, तर साखळी लोंबते कशाच्या आधारानं? प्रत्येकजण मागच्याकडे बोट दाखवणार असेल, तर देणारा कोणीच उरत नाही! दह्याच्या आधी दूध होतं, दुधाच्या आधी गाय होती, सगळ्याच्या आधी तो होता!" लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवशी वामनभटांच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. अनसूयेनं बापाच्या ताटात वाढलेला भात तसाच राहिला. ती म्हणाली, "बाबा, हरलात तरी चालेल. माझ्यासाठी खोटं मात्र बोलू नका." केवढी पोर ती! आणि केवढं बोलली!

आधी कोण, आधी कोण, पुसे जो तो वाटेवरी ।
दारी उभी लेक त्याला, दिसेना ती क्षणभरी ॥

तिसरा दिवस. वामनभटांनी शेवटचा प्रश्न टाकला. "शास्त्रीबुवा, सगळ्याला कारण हवं म्हणता. मग ईश्वराला कोणी केलं?"

शास्त्रीबुवा उभे राहिले. गाभाऱ्याकडे हात केला. "ही पिंडी कोणी घडवली? कोणी नाही! तसाच तो! त्याला आई नाही, बाप नाही. कूळ नाही, गोत्र नाही. मुळाला मूळ विचारायचं नसतं! तो आहे, एवढं पुरे. आणि जो आहे, त्याला 'तू कुठला' म्हणून विचारणं, हा उद्धटपणा आहे!"

टाळ्या! वामनभट उठले. खरा माणूस, खोटं बोलवेना. हात जोडून म्हणाले, "मला उत्तर सुचत नाही. मी हरलो." खांबाशी उभ्या श्रीधरनं तोंड फिरवलं.

अनसूया हार घेऊन पुढे आली. डोळ्यांत पाणी, पण पाऊल ठाम. शास्त्रीबुवांनी मान वाकवली. ती थांबली.

"शास्त्रीबुवा, पहिला मान तुमचा, की ज्याला आईबाप नाहीत त्याचा?"

"अर्थात त्याचा!"

ती उंबऱ्याशी गेली, हार पुजाऱ्याच्या हाती दिला, पुजाऱ्यानं तो पिंडीवर चढवला. तिनं नमस्कार केला आणि वळून इतकंच विचारलं,

"तोही माझ्यासारखाच म्हणायचा. मग त्याला गाभाऱ्यात कसं घेतलंत?"



त्र्यंबकशास्त्री खाली बसले. चाळीस वर्षं वाद जिंकलेला माणूस! आपलंच वाक्य आपल्यासमोर येऊन उभं राहिलं, आणि त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "वामनभट, वाद मी जिंकलो. पण अर्थ आत्ता कळला." मग मुलाकडे वळले. "श्रीधर, घरी जा. आईला सांग, उंबऱ्यावर ठेवायचं माप घासून ठेव. सून यायची आहे."

आता तुम्ही विचाराल, बुवा, खरं काय? आदिकारण आहे की नाही? मला नाही ठाऊक! असेल, तर ते बिनकुळाचं आहे, आणि तुम्ही रोज त्याच्या पाया पडता. नसेल, तर मागं मागं जाता आपल्यापैकी कोणालाच आपली सुरुवात सांगता यायची नाही. मला दोन्ही बाजू पाठ आहेत. का? त्र्यंबकशास्त्री माझे आजोबा. वामनभटही माझे आजोबा. आणि ते माप ओलांडून जी घरात आली, ती माझी आई.

दुपारचे यजमान, तुम्ही समोरच बसलाय. मघाशी तुम्हीच मला बुक्का लावलात, हा हार घातलात, पायांवर डोकं ठेवलंत. माझं मूळ विचारलं नाहीत. आता तुम्हाला ते कळलंय. हा हार मी काढून इथे पाटावर ठेवतो. विटाळ वाटत असेल, तर उचलून न्या, मला राग नाही. आणि वाटत नसेल, तर उद्या सकाळी असाच एक हार घ्या, आश्रमात जा, आणि त्या लेकराला घरी घेऊन या.

पेटीवाले, जरा सूर थांबवा. त्यांना विचार करू द्या. तोवर आरती खोळंबली, तरी तो रागवायचा नाही.