रॅम वाढवा, मग खेळू

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त गृहस्थ उभे होते.

"रॅम आठची सोळा करून द्या. गेम अडकतो."

"कोण खेळतं, काका?" दुकानदाराने विचारलं.

"मीच. मुलगी परगावी असते. रविवारी आम्ही दोघं ऑनलाइन गाड्यांची शर्यत लावायचो. ती म्हणाली, बाबा, तुमची गाडी फार अडकते, मजाच जाते. रॅम वाढवा, मग खेळू."

"थांबा, लावून बघतो... छान चाललाय की! आठातली पाचच वापरतोय. रॅम कमी पडत असती तर वाढवून फरक पडला असता. उगाच कशाला वाढवताय?"

"पण ती म्हणाली ना."

"शेवटचं कधी खेळलात?"

"झाले चार महिने."

"गेममधल्या मित्रांच्या यादीत एकच नाव आहे, मुलीचंच ना? त्यापुढे हिरवा दिवा दिसतोय. आत्ता कुणाबरोबर तरी खेळतेय. बोलावू?"

"नको, नको! पाळत ठेवतो असं वाटेल तिला."

"मग लॅपटॉप परत घेऊन जा, काका. याला काही झालेलं नाही."

"ते कळलं मला. तरी बसवा."

"अहो, पण कशासाठी?"

"निदान तिला दुसरं कारण तरी शोधावं लागेल."